डिझेलची बस की विजेची बस? देखभालीचा हिशेब आणि आपले कारागीर

बाभुळगावच्या व्यापाऱ्याला यवतमाळची बाजारपेठ गाठायची असो की धामणगावला जाऊन रेल्वे पकडायची असो, एस.टी. बसवाचून त्याचे चालत नाही. या बसच्या आणि तिच्या जोडीला धावणाऱ्या खाजगी बस, ट्रक व शाळेच्या गाड्यांच्या दुरुस्तीवर तालुक्याच्या गावातील अनेक कुटुंबांची रोजी चालते. फिटर, वेल्डर, रेडिएटरवाले, टायरवाले, डेंटिंग-पेंटिंग करणारे आणि सीटची गादी शिवणारे यांच्यात मुस्लिम कारागिरांचे प्रमाण मोठे आहे. आता रस्त्यावर विजेच्या बस येऊ लागल्या आहेत. त्यांना दुरुस्ती फारशी लागत नाही, असे सर्रास बोलले जाते. यात खरे किती, आणि खरे असेल तर आपल्या कारागिरांचे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर, त्याच तारखेला, २०२२ साली महामंडळाने 'शिवाई' ही विजेवरील बस सुरू केली. पुढे २०२३ मध्ये ५१५० विजेच्या बस भाडेकराराने घेण्याचे ठरले. पण पुरवठा वेळापत्रकाच्या फार मागे पडला आणि २०२५ पर्यंत त्यांतील थोड्याच बस हाती आल्या. दरम्यान २०२४ मध्ये महामंडळाकडून २१०४ नव्या डिझेल बसची मागणी अशोक लेलँड कंपनीला मिळाली. हा सौदा सुमारे ९८१ कोटी रुपयांचा, म्हणजे एका बसला साधारण साडेसेचाळीस लाख रुपये. तेव्हा डिझेलची बस लगेच नाहीशी होणार नाही. या नव्या गाड्या दहा वर्षे तरी धावतील.

कोणता खर्च वाचतो?

विजेच्या बसमध्ये इंजिन नसते. त्यामुळे इंजिन ऑइल, ऑइल व डिझेल फिल्टर, डिझेल पंप, नोझल, टर्बो, फॅनबेल्ट, क्लचप्लेट, स्टार्टर आणि सायलेन्सर यांचा खर्च मुळातूनच जातो. ब्रेकचे लायनरही जास्त टिकते, कारण वेग कमी करताना मोटारच जनित्राचे काम करते आणि गाडी रोखते. याउलट एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीचे दुखणे वाढले आहे. धूर गाळणारा फिल्टर, युरियाचे द्रावण आणि जागोजागी सेन्सर, यांतले काहीही बिघडले तरी गाडी जागेवर बसते. ते काम नुसत्या पान्याने होत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो.

कोणता खर्च राहतो?

टायर, स्टीअरिंग, हब ग्रीसिंग, बेअरिंग, सस्पेन्शन, हवेचे दरवाजे, एअर कंडिशनर, काचा, सीट, पत्रा आणि रंग ही कामे दोन्ही बसमध्ये सारखीच आहेत. उलट बॅटरीच्या वजनाने विजेची बस जड होते, त्यामुळे टायरवर ताण अधिक येतो. बॅटरी आणि मोटार थंड ठेवण्यासाठी कूलंटची व्यवस्थाही असतेच. विदर्भाच्या उन्हाळ्यात ती चोख राहिली नाही तर बॅटरीचे आयुष्य घटते.

बॅटरीचा हिशेब

रोजच्या दुरुस्तीत वाचलेला पैसा एका मोठ्या खर्चासाठी राखून ठेवावा लागतो, तो म्हणजे बॅटरी बदलण्याचा. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. समजा, बस दिवसाला ३०० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस धावली, तर वर्षाचे ९० हजार किलोमीटर झाले. डिझेल बस लिटरला साडेचार किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरले, तर वर्षाला २० हजार लिटर, म्हणजे १८ लाख रुपये लागतील. विजेच्या बसला किलोमीटरमागे सव्वा युनिटच्या आत-बाहेर वीज लागते. १.२ युनिट आणि ९ रुपये दर धरला, तर खर्च पावणेदहा लाखांच्या आत राहतो. वर्षाची बचत सव्वाआठ लाखांची झाली.

आता बॅटरी पाहा. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात लिथियम बॅटरीचा सरासरी भाव किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता. मोठ्या बसला ३०० किलोवॅट-तासांची बॅटरी धरली, तर कर आणि वाहतूक सोडून २९ लाखांवर रक्कम जाते. ३० लाख धरून ती आठ वर्षांवर वाटली, तर किलोमीटरमागे चार रुपयांहून थोडा अधिक बोजा पडतो. इंधनातील बचत किलोमीटरमागे नऊ रुपयांची आहे. म्हणजे बॅटरीचा पैसा बाजूला काढूनही फायदा उरतो. मात्र विजेच्या मोठ्या बसची किंमत कोटीच्या बरीच वर असल्याने हा फायदा भरपूर धावणाऱ्या गाडीलाच लागू पडतो. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर चालणाऱ्या शाळेच्या बसला हा हिशेब जमत नाही.

देखभाल कोणाच्या हाती?

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आजवर एस.टी. आपल्या गाड्या आपल्याच आगारात दुरुस्त करीत आली. मोठ्या कामासाठी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा येथे तिचे मध्यवर्ती कारखाने आहेत. आय.टी.आय. झालेली कितीतरी मुले एस.टी.च्या आगारात उमेदवारी करून हुनर शिकली. विजेच्या बस मात्र बहुतांशी किलोमीटरमागे ठरावीक दराने घेतल्या जातात. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या कंपनीने पाच शहरांसाठी काढलेल्या निविदेत १२ मीटर बसचा सर्वांत कमी दर किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे आला. अशा दरात दुरुस्ती, सुटे भाग आणि बॅटरी हे सारे ठेकेदाराच्या अंगावर असते. म्हणजे बचत होईल तीही त्याची, आणि कामावर माणूस कोणता घ्यायचा हेही तोच ठरवणार.

यात दुसरा धोका सुट्या भागांचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फूटहिल ट्रान्झिट ही संस्था २०१० पासून विजेच्या बस चालवीत होती. २०२१ मध्ये सुटे भाग मिळेनासे झाल्याने जुन्या बस मुदतीपूर्वीच काढाव्या लागण्याची वेळ तिच्यावर आली. त्या बस बनविणाऱ्या प्रोटेरा कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. चीनच्या शेन्झेन शहराने मात्र २०१७ अखेर सोळा हजारांवर बस विजेवर आणल्या. तेथे बस बनविणारा कारखाना शहरातच आहे. बस विजेची आहे एवढ्याने देखभाल स्वस्त होत नाही. भाग आणि जाणकार कारागीर जवळ असतील तरच ती स्वस्त पडते.

आपण काय करावे?

डिझेल पंप, नोझल आणि रेडिएटरचे काम करणाऱ्यांनी लगेच दुकान बंद करण्याचे कारण नाही. परंतु मुलाला केवळ त्याच कामात घालणे आता शहाणपणाचे नाही. बीएस-६ गाडीचा स्कॅनर आणि वायरिंग हाताळायला शिकलेला मिस्त्री विजेच्या गाडीकडे सहज वळू शकतो. दहावी झालेल्या मुलांसाठी आय.टी.आय.मध्ये 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो कोणत्या संस्थेत चालतो आणि जागा किती, याची प्रवेशापूर्वी चौकशी करावी. टायर, पत्रा, रंग, गादी आणि ए.सी.चे काम करणाऱ्यांचा धंदा दोन्हीकडे चालणार आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. या बसमध्ये नारिंगी केबलमधून पाचशे-सहाशे व्होल्टची वीज वाहते. आमच्याकडे उस्तादाजवळ पाहून पाहून शिकण्याची रीत आहे. ती चांगली असली तरी येथे चालणार नाही, कारण येथली पहिली चूकच जिवावर बेतते. रीतसर प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे यांवाचून त्या केबलला कोणीही हात लावू नये.

जे बांधव स्वतः विजेची गाडी घेऊ इच्छितात, त्यांनी विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत. बॅटरीची हमी किती वर्षे व किती किलोमीटरची? हमीच्या अखेरीस तिची किती टक्के ताकद राहील? सुटे भाग नागपुरात मिळतात की बाहेरून मागवावे लागतात? आणि गाडी बाभुळगावच्या रस्त्यात बंद पडली, तर माणूस किती तासांत येईल? शेवटच्या प्रश्नाला विक्रेता अडखळला, तर त्या कामासाठी आपल्याच गावचा मुलगा तयार होणे किती गरजेचे आहे हे ओळखावे.