नवा टॅब कोठे उघडावा?

बंगळूर येथील एखाद्या संशोधन संस्थेचे ग्रंथालय वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. ग्रंथपालांच्या मेजावरील संगणकात संस्थेच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या छायाप्रती साठविलेल्या आहेत. 'संग्रह' नावाच्या फोल्डरात 'पत्रव्यवहार' हे फोल्डर, त्यात '१९६२', आणि त्याच्याही आत 'मार्च', अशा चार पायऱ्या उतरून ग्रंथपाल मार्च महिन्याच्या पत्रांपाशी येऊन पोहोचले आहेत. एक पत्र वाचीत असता त्यात फेब्रुवारीतील एका पत्राचा उल्लेख आढळतो. मार्चची यादी दृष्टीआड होऊ नये, पण फेब्रुवारीची यादीही पाहावयास मिळावी, अशी त्यांची निकड आहे. ते नवा टॅब उघडतात. हा टॅब कोठे उघडावा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु हिशेब करून पाहिला तर तो तसा राहत नाही. नवा टॅब आरंभस्थानी, म्हणजे जेथून सर्व फोल्डरांकडे जाण्याचा मार्ग सुरू होतो तेथे उघडला, तर ग्रंथपालांस 'संग्रह', 'पत्रव्यवहार', '१९६२' आणि 'फेब्रुवारी' अशा चार पायऱ्या पुन्हा उतराव्या लागतात. तोच टॅब 'मार्च' या चालू फोल्डरात उघडला, तर एक पायरी वर आणि एक खाली, एवढ्यात काम भागते. पत्रे आणखी आत, दहाव्या पायरीवर असती, तर पहिल्या रीतीने दहा पायऱ्या मोजाव्या लागल्या असत्या. दुसऱ्या रीतीने मात्र दोनच. शेजारच्या फोल्डराचे अंतर नेहमी दोनच पायऱ्यांचे असते, मग ती जागा कितीही खोल असो. दिवसातून शंभर वेळा असे शोध करणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नव्हे.

संगणकातील फाइली पाहणे, हलविणे, त्यांस नावे देणे इत्यादी कामे ज्या साधनाने केली जातात, त्यास फाइल व्यवस्थापक म्हणतात. पूर्वी या साधनाच्या प्रत्येक खिडकीत एका वेळी एकच फोल्डर दिसे. दुसरे पाहावयाचे तर दुसरी खिडकी उघडावी लागे, आणि थोड्याच वेळात पडद्यावर खिडक्यांची दाटी होई. टॅबांमुळे एकाच खिडकीत अनेक फोल्डरे मागेपुढे ठेवता येतात. ही कल्पना ग्रंथालयांस अपरिचित नाही. सूचिपत्रांच्या खणात मधूनमधून जी मार्गदर्शक पत्रे घालीत, त्यांच्या वर आलेल्या कानांवर अक्षरे लिहिलेली असत. तो कान धरला की नेमक्या जागी खण उघडे. पडद्यावरील टॅब हा त्याच कानाचा वंशज होय.

आपण जेथे उभे आहोत तेथूनच पुढचा शोध सुरू व्हावा, ही अपेक्षाही ग्रंथालयाचीच आहे. आणि तिचा सर्वांत काटेकोर विचार ज्यांनी केला, ते डॉ. शि. रा. रंगनाथन १९५७ पासून १९७२ मधील आपल्या निधनापर्यंत बंगळुरातच राहत होते. १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या वतीने या शहरात प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, ते त्यांच्याच प्रेरणेने. मूळचे ते गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ती १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाच्या वेळेच्या बचतीविषयी आहे. कपाटे कुलपात न ठेवता वाचकांस मोकळी असावीत, हा त्यांचा आग्रह याच विचारातून आलेला होता.

मोकळ्या कपाटाचा लाभ केव्हा होतो? वाचकास हव्या असलेल्या पुस्तकाच्या डाव्याउजव्या हाताला त्याच्याशी नाते असलेलीच पुस्तके असतील तेव्हा. रंगनाथनांनी यासाठी ग्रहणाच्या छायेचा दृष्टांत योजिला. वाचकाचा नेमका विषय ही प्रच्छाया. तिच्या दोन्ही बाजूंस निकटच्या विषयांची उपच्छाया. आणि तिच्याही पलीकडे परके विषय. कपाटातील पुस्तकांचा क्रम असा असावा की, वाचक कोठेही उभा राहिला तरी त्याच्याभोवती हीच रचना आढळावी. आता अशा कपाटापुढे उभ्या असलेल्या वाचकाने एक जास्तीचे पुस्तक मागितले, म्हणून त्यास पुन्हा ग्रंथालयाच्या दारापाशी नेऊन उभे केले, तर त्यास काय वाटेल? आरंभस्थानी उघडणारा टॅब नेमके हेच करतो.

येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. संगणकास विषयांचे नाते कळत नाही. त्याला नावांचा क्रम तेवढा कळतो. महिन्यांची फोल्डरे अक्षरांनी ओळखली, तर वर्णक्रमात 'ऑगस्ट' आणि 'ऑक्टोबर' हे शेजारी येतात, आणि 'सप्टेंबर' दूर जातो. त्याऐवजी '०१', '०२', '०३' अशी नावे दिली, तर फेब्रुवारी हा आपोआप मार्चच्या अलीकडे बसतो. अंकांच्या क्रमातूनच विषयांचा क्रम निघावा, हा रंगनाथनांच्या १९३३ मधील द्विबिंदू वर्गीकरणाचाही हेतू होता. शेजार चांगला असेल तरच शेजारी टॅब उघडण्यात अर्थ; आणि शेजार लावणे हे यंत्राचे नव्हे, फोल्डराच्या मालकाचे काम आहे.

'चालू फोल्डर' ही कल्पना संगणकात आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, अशी वृक्षासारखी रचना अमेरिकेतील मल्टिक्स या प्रणालीसाठी आखण्यात आली, व १९६५ मध्ये डेली आणि न्यूमन यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रत्येक फाइलीचा संपूर्ण पत्ता मुळापासून सांगत बसणे कंटाळवाणे, म्हणून वापरणाऱ्याने एक फोल्डर 'कामाचे' म्हणून ठरवावे आणि पुढचे पत्ते तेथून मोजावेत, अशी सोय तीत होती. घरातील माणसास 'वरच्या फळीवरचा डबा' एवढे सांगितले की पुरते. गाव, पेठ आणि घर क्रमांक सांगावे लागत नाहीत, तसाच हा प्रकार.

हीच सोय १९६९ पासून आकारास येऊ लागलेल्या युनिक्स प्रणालीने उचलली. तीत चालणाऱ्या प्रत्येक कार्यास, म्हणजे 'प्रोसेस'ला, स्वतःचे असे एक चालू फोल्डर असते, आणि एका कार्याने दुसऱ्यास जन्म दिला की ते फोल्डर अपत्यास वारशाने मिळते. या वारशाने आरंभी एक फजिती झाली. तिची हकीकत युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनीच लिहून ठेवली आहे. पीडीपी-७ या यंत्रावर कार्यांस अपत्ये निर्माण करण्याची शक्ती देण्यात आली आणि त्याबरोबर फोल्डर बदलण्याची आज्ञा बंद पडली. आज्ञा तर बिनचूक होती! बऱ्याच शोधानंतर उलगडा झाला तो असा : आज्ञा पाळण्यासाठी एक अपत्य जन्मास येई, ते इमानाने आपले स्वतःचे चालू फोल्डर बदली आणि काम झाले म्हणून नाहीसे होई. जनक मात्र जेथल्या तेथेच राही. वारसा जनकाकडून अपत्याकडे जातो, उलट दिशेने येत नाही. शेवटी ही एक आज्ञा अपत्यावर न सोपविता मूळ आज्ञावाचकाने स्वतःच पाळावी, असे ठरविण्यात आले. 'सीडी' ही आज्ञा आजही त्याच रीतीने पाळली जाते.

चालू फोल्डरात उघडणारा नवा टॅब या वारशाचेच चित्र आहे. जन्मतःच तो जुन्या टॅबाचे ठिकाण घेतो. मग त्यास हवे तेथे नेले तरी जुना टॅब हलत नाही. परंतु आतील यंत्रणा निराळी आहे. एका कार्यास एका वेळी एकच चालू फोल्डर असू शकते, आणि फाइल व्यवस्थापकाच्या एका कार्यात टॅब तर दहा असतात. म्हणून प्रणालीच्या चालू फोल्डरावर विसंबून भागत नाही. प्रत्येक टॅबासाठी त्याचा पत्ता व्यवस्थापक स्वतःच्या टिपणात वेगळा लिहून ठेवतो, आणि नवा टॅब मागितला की पुढे असलेल्या टॅबाच्या टिपणातील पत्ता उतरवून घेतो.

सर्वच व्यवस्थापक असे करतात असे नाही. केडीई या मुक्त प्रकल्पाचा डॉल्फिन आणि ग्नोम प्रकल्पाचा नॉटिलस या दोहोंत टॅबांची सोय २००८ साली आली, आणि दोन्हींत नवा टॅब चालू फोल्डर दाखवितो. ॲपलच्या फाइंडरात टॅब २०१३ मध्ये आले. तेथे नवा टॅब वापरणाऱ्याने आधी ठरवून ठेवलेल्या फोल्डरात उघडतो. विंडोज ११ मध्ये ही सोय २०२२ साली मिळाली. तेथील नवा टॅब एरवी 'होम' या आरंभस्थानी नेतो; चालू टॅबाची प्रत काढण्याची तोड पुढे देण्यात आली. आरंभस्थानाचे समर्थक म्हणतात की, नवा टॅब नव्या कामासाठी असतो, आणि नव्या कामाचा आरंभ स्वच्छ जागेवरून व्हावा. ज्याचे काम खरोखरच वेगळे आहे त्याच्यापुरते हे बरोबर आहे. परंतु आरंभस्थानी जाण्यास चालू फोल्डरातून एक कळ पुरते. उलट, आरंभस्थानावरून मागच्या जागी येण्यास सारी वाट पुन्हा चालावी लागते. चुकीची भरपाई एका बाजूस स्वस्त आणि दुसऱ्या बाजूस महाग असेल, तर स्वस्त बाजूची निवड शहाणपणाची ठरते.

केडीईची भारतातील पहिली परिषद मार्च २०११ मध्ये बंगळूरच्याच आर. व्ही. अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली होती. या प्रकल्पाची मूळ आज्ञावली कोणासही वाचावयास खुली असते. त्यामुळे नवा टॅब कोणता पत्ता घेतो, हे तर्काने ठरवीत बसण्याचे कारण नाही. जिज्ञासू विद्यार्थ्याने ती आज्ञावली उघडून ते प्रत्यक्ष पाहावे. कपाटे मोकळी ठेवण्याचाच हा एक प्रकार म्हणावयाचा.

नवशिक्याची एक चूक मात्र वारंवार होते आणि ती महागात पडते. चालू फोल्डरात नवा टॅब उघडला की क्षणभर दोन्ही टॅबांत एकच यादी दिसते. त्यावरून फाइलींच्या दोन प्रती झाल्या असा समज होऊन, एका टॅबातील 'जास्तीच्या' फाइली पुसून टाकल्या जातात. वस्तुतः एकाच खोलीला दोन खिडक्या असाव्यात, तसे हे दोन टॅब आहेत. एका खिडकीतून हात घालून वस्तू उचलली, तर दुसरीतून ती दिसणार कशी? अशा वेळी कचरापेटी रिकामी करण्यापूर्वी फाइली परत जागेवर ठेवाव्यात.

एका टॅबातून दुसऱ्यात फाइल ओढून नेतानाही थोडे भान हवे. दोन्ही फोल्डरे एकाच तबकडीवर असतील, तर मोठी फाइलसुद्धा क्षणार्धात हलते. कारण तिच्यातील मजकूर जागचा हालत नाही, एका फोल्डराच्या यादीतील तिची नोंद काढून दुसऱ्याच्या यादीत लिहिली जाते, इतकेच. तबकड्या वेगळ्या असतील, तर मात्र सारा मजकूर नव्याने उतरवावा लागतो, आणि हलविण्याची आज्ञा असेल तर मूळ फाइल नंतर पुसली जाते. विंडोजमध्ये नुसती ओढलेली फाइल एकाच तबकडीवर हलते, आणि वेगळ्या तबकडीवर तिची केवळ प्रत निघते. डॉल्फिन मात्र अशा वेळी हलवावयाची की प्रत काढावयाची, हे सहसा विचारून घेतो.