जुना लॅपटॉप घेताय? आधी ऐब पाहा

कापडाचा तागा आम्ही उजेडात उलगडून पाहतो, मगच भाव बोलतो. दुकानाच्या हिशेबासाठी जुना लॅपटॉप घेताना मात्र हा कायदा विसरलो. विंडोज टाकायला बसलो, तर यंत्र पेनड्राइव्हवरून सुरूच होईना.

कारणे बहुधा साधी असतात. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या प्रोग्रामने तो तयार करावा लागतो. त्यात यूईएफआय यंत्रासाठी जीपीटी, जुन्या बायोससाठी एमबीआर निवडावे. यंत्र चालू होताच बूट मेनूची कळ दाबावी : डेल, लेनोवोत बहुधा एफ१२, एचपीत एफ९. तरीही न जमल्यास दुसरा पोर्ट, दुसरा पेनड्राइव्ह लावून पाहावा.

आमची गाठ वेगळीच निघाली. यूएसबीवरून सुरू होणे बायोसमध्ये बंद होते आणि त्यावर आधीच्या मालकाचा पासवर्ड! बॅटरी काढून तो जाईलच असे नाही. अखेर विकणाऱ्याकडे दोन खेपा घालाव्या लागल्या.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, पैसे मोजण्यापूर्वी बायोस उघडून पाहा. विकताना आपला पासवर्ड काढून, हिशेब पुसून द्या. मालातला ऐब सांगून विकावा, ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे.