जनावर जमेला की खर्ची?

जंगलाचा जमाखर्च : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण राष्ट्रीय उद्यानांचा हिशेब मांडला. नामिबियाला तो हिशेब पुरा पडत नाही, कारण तिथले बहुतेक कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबोक ही हरणासारखी जनावरं आणि वॉर्टहॉग हे रानडुक्कर उद्यानात राहतच नाहीत. ते खासगी शेतांवर आणि गावसमाजाच्या जमिनीवर, गुरांच्याच कुरणात चरतात. त्यांची शिकार करायला युरोप-अमेरिकेतून माणसं दरसाल पैसे मोजून येतात, आणि तरीही ही जनावरं संपली नाहीत. गेल्या अर्धशतकात खासगी शेतांवर ती वाढलीच. माझं म्हणणं असं, की वन्यप्राणी टिकणार की संपणार हे एकट्या बंदुकीवर ठरत नाही. ज्याच्या जमिनीवर तो चरतो, त्याच्या वहीत तो जमेच्या बाजूला आहे की खर्चाच्या, यावर ते ठरतं.

पूर्वी तो खर्चाच्या बाजूला होता. कुडू सहज कुंपण ओलांडतो, ओरिक्स गुरांचं गवत खातो, आणि जनावर सरकारी म्हणून शेतकऱ्याला त्यातून कायदेशीर मिळकत नाही. अशा जनावरासाठी दुष्काळात पाणी कोण राखेल? १९६७ साली, हा मुलूख दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असताना, कायद्याने शेतमालकांना काही जातींवर ठरावीक अटींवर हक्क दिला आणि १९७५च्या कायद्याने तो पक्का केला. कमी पावसाच्या, गुरांवर जेमतेम भागणाऱ्या शेतावर कुडूला किंमत आली. मात्र हा हक्क गोऱ्या जमीनदारांपुरता होता. गावसमाजाच्या जमिनीवरल्या काळ्या रहिवाशांना तसा हक्क मिळायला स्वातंत्र्यानंतरची १९९६ची दुरुस्ती यावी लागली आणि १९९८ साली पहिल्या चार सामुदायिक कन्झर्व्हन्सी, म्हणजे रहिवाशांनी मिळून वन्यप्राणी सांभाळायच्या संस्था, नोंदल्या गेल्या. या व्यवस्थेची गुणदोषचर्चा करताना हा अन्याय विसरून चालणार नाही.

शिकारीची ही सहल म्हणजे वाटेल तसा गोळीबार नव्हे. नामिबियात परदेशी पाहुण्याला ट्रॉफीच्या शिकारीसाठी परवाना लागतो आणि नोंदणीकृत मार्गदर्शक सोबत असावा लागतो. पहिल्या दिवशी रायफल कागदी निशाणावर तपासून घेतात, कारण प्रवासात तिच्यावरची दुर्बीण हललेली असू शकते. मग पहाटे वाऱ्याचा रोख बघून, माग काढणाऱ्याच्या पाठोपाठ पायी निघायचं. नर दिसला की मार्गदर्शक तीन पायांची काठी उभी करतो, पाहुणा तिच्यावर रायफल टेकतो आणि नराचं वय व शिंगं पारखून मार्गदर्शकाने होकार दिला तरच चाप ओढतो. रोजचा दर वेगळा, जनावराची किंमत वेगळी. जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला आणि जखमी जनावर हाती लागलं नाही, तरी त्याचे पैसे द्यावेच लागतात. शिंगं आणि कातडं पाहुण्याबरोबर जातात. मांस तिथेच मजुरांच्या घरी, खाटकाकडे किंवा बिल्टाँग म्हणजे वाळवलेलं मांस करायला जातं. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून वयस्क नर मोजकेच मारले तर कळपाची वाढ खुंटत नाही आणि मालकाला कळप राखण्यात रस राहतो.

शिकारीच्या बाजूने केनियाकडे बोट दाखवलं जातं. तिथे १९७७पासून शिकार बंद आहे, आणि २०१६पर्यंतच्या गणनांत वन्यप्राणी सुमारे दोन तृतीयांशाने घटलेले दिसतात. पण हा दोष एकट्या बंदीच्या माथी मारणं लबाडी ठरेल. वाढती वस्ती, कुंपणं, गुरं आणि दुष्काळ यांचाही त्यात वाटा आहे. उलट मसाई माराभोवतीच्या काही कन्झर्व्हन्सींत पर्यटन कंपन्या जमीनमालकांना भाडं देतात आणि तिथे बंदुकीविना जनावरं टिकतात. हे माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाही, बाजूचंच आहे. अडचण एवढीच, की जिथे सिंह नाही, हत्ती नाही, नुसती काटेरी झुडपं आहेत, तिथे पर्यटकांची गाडी वळत नाही. शिकारी मात्र येतो. दुसरा आक्षेप आपल्या घरचा: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट वाचलं, शिकार न करता. खरंच आहे. पण सोलापूर-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याच्या पिकात शिरलेलं काळवीट त्याच्या वहीत खर्चाच्याच बाजूला पडतं. म्हणून इथे शिकार खुली करा, असं मी म्हणणार नाही. नामिबियातलं शेत हजारो हेक्टरांचं असतं. आपल्याकडे कळप एका रात्रीत दहा जणांची शेतं तुडवतो, मग मालकी कुणाची ठरवणार?

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: पैसा रक्षण करतो तसा बिघडवतोही. दक्षिण आफ्रिकेत सोनेरी विल्डबीस्ट आणि काळे इम्पाला मुद्दाम पैदा केले गेले. २०१६ साली एका रेड्याची किंमत १७ कोटी रँडच्या पुढे लावली गेली आणि पुढे तो बाजार कोसळला. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह बंदिस्त आवारात मारले गेले. महागडी हरणं खातात म्हणून बिबटे आणि चित्ते शेतकऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. इथे जनावर जमेला आलं, पण त्याचं रानपण गेलं. हौसेसाठी जीव घेणं ज्याला मुळातच अमान्य आहे, त्याला कोणताही हिशेब पटणार नाही, आणि त्याचा तो हक्क आहे. मात्र बंदी मागताना शेतकऱ्याला त्या मिळकतीच्या जागी काय मिळेल, याचं उत्तर त्यानेही द्यायला हवं. शिकारीची पुढची बातमी वाचाल तेव्हा संतापाआधी तीन गोष्टी तपासा: जमीन कुणाची, पैसा कुणाच्या हाती गेला, आणि ते जनावर मोकळ्या रानातलं होतं की आवारातलं. पुढच्या आठवड्यात याच कसोट्या आपण सामुदायिक कन्झर्व्हन्सींना लावू.