हंसऱ्या चालींतील उदास गाणीं

आजारपणामुळें एक वर्ष मागें पडलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं आम्ही समाचारास गेलों होतों. "दिवसभर हा इंग्रजी रडगाणीं ऐकत बसतो," अशी त्याच्या वडिलांनीं तक्रार केली. उपदेशाचे चार शब्द आम्हीं मनांत जुळविले; परंतु तीं गाणीं ऐकलीं आणि ते शब्द ओठांतच राहिले.

वाद्यमेळ्याचें नांव 'बेल अँड सबॅस्टियन'. हें एखादें दांपत्य असावें असा आमचा समज! वस्तुतः सबॅस्टियन हा मुलगा व बेल ही त्याची कुत्री. दोघेंही सेसील ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या बालकथेंतलीं. मेळा ग्लासगो शहरीं १९९६ सालीं उदयास आला. आमच्या विद्यार्थ्यास तो नुकताच सांपडला होता, व शोध लावणाऱ्याचा अभिमान त्याच्या मुद्रेवर दिसत होता.

मेळ्याचा प्रमुख स्टुअर्ट मर्डॉक हा विद्यार्थिदशेंतच दीर्घकालीन थकव्याच्या विकारानें गांठला गेला व कित्येक वर्षें घरीं पडून राहिला. त्या रिकाम्या काळांत तो गीतें रचूं लागला. पुढें एका चर्चच्या सभागृहाची देखरेख करून तो तेथेंच राही. 'टायगरमिल्क' ही पहिली ध्वनिमुद्रिका तेथील स्टो कॉलेजांत संगीत-व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं काढली. प्रती अवघ्या १०००. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून निघणाऱ्या अशा सुगम संगीतास 'इंडी पॉप' म्हणतात. १९९९ सालीं या मेळ्यास नवोदितांचें ब्रिट पारितोषिक मिळालें.

या गीतांचें मर्म शब्द व चाल यांच्या विजोड जोडींत आहे. शब्दांत एकटेपणा; चाल मात्र हंसरी, ठेका पाय हलविण्याजोगा. गायक आक्रोश करीत नाहीं. बाकावर शेजारीं बसलेल्या मित्रानें गुज सांगावें तसा त्याचा स्वर. 'दि स्टेट आय ॲम इन' या गीताचा आरंभ अगदीं मंद आहे. मग एकेक वाद्य येऊन मिळतें, जणूं एकट्या वाटसरूस सोबती भेटत जावे. सोळा वर्षांच्या मुलाची उदासी अशीच असते. तो जेवतो, खेळतो, थट्टाही करतो. आणि त्याच वेळीं आंत कांहीं तरी ओलें राहतें. निव्वळ करुण चालीनें त्यांतलें अर्धेंच सांगून होतें.

"मग तो मनुष्य बरा झाला का?" वडिलांनीं विचारलें.

"पुरता नाहीं, पण गातो," मुलगा म्हणाला.

वडिलांनीं खुर्ची जवळ ओढली व तेंच गाणें पुनः लावावयास सांगितलें.