आधी फ्लॅटचा ताबा की बाळ?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आमचंही हेच चालतं: रिडेव्हलपमेंटचा ताबा मिळू दे, मग बाळाचं बघू. मी ३४ वर्षांची. बिल्डरची तारीख पुढे सरकते, तसं माझं वयही. स्त्रीबीजं जन्मापासूनच मोजकी असतात. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा झपाट्याने घटतो. म्हणून डॉक्टर सांगतात: ३५च्या आत १ वर्ष प्रयत्न करा, त्यापुढे ६ महिने, नाहीच राहिलं तर तपासणी, दोघांचीही. फोलिक अ‍ॅसिड मात्र किमान महिनाभर आधीपासून. १९८६ मध्ये इथून जवळच, परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पण आयव्हीएफसुद्धा बीजाचं वय कमी करत नाही. आम्ही ठरवलंय: ताबा मिळेल तेव्हा मिळेल, प्रयत्न या दिवाळीनंतर.