दुसऱ्या कार्बनची करामत

कर्करोगाचा रुग्ण असलेल्या घरात ‘पेट स्कॅन’ हा शब्द आता बीपी-शुगरइतका रुळला आहे. स्कॅन कुठे केला, पैसे किती पडले, रिपोर्टमध्ये काय आलं, हे घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण त्याआधी शिरेत जे टोचलं ते कोणी आणि कसं घडवलं, याची चौकशी कोणी करत नाही. मला मात्र कित्येक वर्षं त्या सुईतल्या रसायनानेच झपाटलं आहे. त्याचा माग काढत गेलं की जी नावं भेटतात, त्यांत माझं सर्वांत लाडकं नाव म्हणजे जोआना फाउलर.

चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म १९४२, मायामी. १९६७ साली कोलोरॅडो विद्यापीठाची पीएच.डी., मग इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात काही काळ, आणि १९६९पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा. पुढे अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळालं.

आता खरी गंमत. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो, हे लुई सोकोलॉफ यांनी प्राण्यांमध्ये कार्बन-१४ लावलेल्या डीऑक्सिग्लुकोजने दाखवून दिलं होतं. त्यासाठी मेंदूचे काप घ्यावे लागत. जिवंत माणसात हेच करायचं तर किरण बाहेर यायला हवेत. म्हणून फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मार्टिन रायविच, डेव्हिड कूल आणि अबास अलावी ब्रुकहेवनच्या आल्फ्रेड वुल्फ यांच्याकडे गेले. उत्तर निघालं फ्लोरिन-१८.

ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढायचा आणि तिथे फ्लोरिन बसवायचा. पेशी या रेणूला साखर समजून आत घेते. हेक्सोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं. पुढच्या विकराला मात्र दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन लागतो आणि तो तिथे नसतो. काम तिथेच थांबतं, रेणू पेशीत अडकून पडतो. जिथे साखरेची भूक जास्त, तिथे साठा जास्त. म्हणून मेंदू उजळतो, आणि बहुतेक कर्कगाठीही. तिसऱ्या कार्बनवर फ्लोरिन लावला असता तर हेक्सोकायनेजने फारशी दाद दिली नसती. एका कार्बनाच्या अंतरावर एवढं सगळं अवलंबून आहे, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

बिनकिरणोत्सारी रूपात हा रेणू प्रागच्या रसायनज्ञांनी आधीच केला होता. पण फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. इथे उताऱ्याइतकाच वेळही मोजावा लागतो. जपानहून आलेले तात्सुओ इदो, फाउलर आणि सहकाऱ्यांनी ट्रायअॅसिटिल ग्लुकालवर थेट किरणोत्सारी फ्लोरिन वायू सोडला. हा वायू स्वभावाने अतिशय तापट. त्यातून हवा तो रेणू आणि त्याचं नको असलेलं भावंड, दोन्ही मिळत. ते वेगळे करायचे, अॅसिटिल गट आम्लाने उतरवायचे, शुद्ध करायचं. एवढं होईतो जवळजवळ दोन तास जात आणि निम्म्याहून अधिक किरणोत्सार संपलेला असे. उरलेला माल ऑगस्ट १९७६मध्ये विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि पहिल्यांदाच माणसाला टोचला गेला.

आज जगभर वापरतात ती कृती मात्र जर्मनीतल्या युलिश इथली, १९८६ची. मॅनोजपासून केलेल्या ट्रायफ्लेटवर फ्लोराइड उलट बाजूने चाल करतं, भावंडाची कटकट राहत नाही आणि उताराही कितीतरी वाढतो. भारतात पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं.

एका नातेवाइकांना स्कॅनला घेऊन गेलो होतो. उपाशीपोटी साखर तपासली, जाड आवरणातल्या सिरिंजमधून औषध दिलं आणि तंत्रज्ञ म्हणाला, “काका, आता तासभर शांत पडून राहा. बोलू नका, मोबाइल नको.” स्नायू हलले की तेही साखर ओढतात, हे त्यामागचं कारण. औषध कधी बनलं म्हणून मी विचारलं. “आज पहाटेच,” तो म्हणाला. ते ऐकून मला मनापासून आनंद झाला.

फाउलर यांचं मला सर्वांत आवडणारं काम याच्याही पुढचं. डोपामिन तोडणाऱ्या ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी’ या विकराला चिकटणारं डेप्रेनिल त्यांनी कार्बन-११ लावून वापरलं. कार्बन-११चं अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटांचं. अडचण अशी, की ते इतक्या झपाट्याने चिकटे, की जिथे विकर भरपूर तिथलं मोजमाप विश्वासाचं राहीना. फाउलर यांच्या गटाने रेणूतले दोन हायड्रोजन काढून ड्युटेरियम बसवले. ड्युटेरियमचा बंध तुटायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे चिकटण्याचा वेग मंदावला आणि मापं नीट येऊ लागली. १९९६मध्ये दिसलं, की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत हे विकर न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी असतं.

एम.एस्सी.च्या वर्गात सेंद्रिय संश्लेषण शिकवताना ही उदाहरणं फळ्यावर यायलाच हवीत, असं माझं ठाम मत आहे. कुठला अणू कुठे बसवायचा आणि तो किती वेळात बसवायचा, हे ज्याला कळलं त्याला माणसाच्या मेंदूलाही प्रश्न विचारता येतो, हे विशीतल्या मुलांना वेळेवर कळायला हवं.