स्टेरॉईडजन्य अस्थिक्षय आणि ‘ड’ जीवनसत्त्व

आमवात, तमकश्वास अथवा जीर्ण त्वग्रोगाचा रुग्ण वैद्याकडे येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत पुष्कळदा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातात कॉर्टिसोनचा प्रथम उपयोग केला. या वर्गातील औषधांनी असंख्य रुग्णांना पुन्हा चालते केले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याची किंमत अस्थिधातूला मोजावी लागते.

स्टेरॉईडमुळे अस्थी घडविणाऱ्या पेशींचे कार्य मंदावते, आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटते व मूत्रावाटे त्याचे उत्सर्जन वाढते. ही हानी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते. मणके व बरगड्या प्रथम ठिसूळ होतात. मणका खचूनही कित्येकदा वेदना होत नाही, म्हणून हा ऱ्हास लक्षात येण्यास उशीर होतो.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, अल्प मात्रेत स्टेरॉईड घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांना रोज १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट व ५०० एकक ‘ड-३’ जीवनसत्त्व देण्यात आले. त्यांच्या कटिप्रदेशातील मणक्यांची घनता वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने वाढली. ज्यांना केवळ निष्क्रिय गोळ्या दिल्या, त्यांची सुमारे २ टक्क्यांनी घटली. अमेरिकन संधिरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार, प्रेडनिसोलोन रोज २.५ मि.ग्रॅ. वा अधिक, तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्या प्रौढास आहारासह १००० ते १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम व ६०० ते ८०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व मिळावे. अस्थिभंगाचा धोका अधिक असल्यास मात्र एवढ्याने भागत नाही. बिसफॉस्फोनेटसारख्या औषधांसाठी तज्ज्ञाकडे पाठविणे अगत्याचे ठरते.

अस्थी हे वाताचे आश्रयस्थान, ही आपली धारणा सर्वश्रुत आहे. चरकाचार्यांनी अस्थिगत विकारांत बस्ती व तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृताचा निर्देश केला आहे. त्याचा युक्तिपूर्वक उपयोग अवश्य करावा. मात्र या पूरकांचा तो पर्याय समजू नये. प्रवाळ, शंख, मुक्ताशुक्ती यांच्या भस्मांत मुख्यत्वे कॅल्शियमच असते. रुग्ण गोळ्याही घेत असल्यास एकूण मात्रेचा हिशेब ठेवावा, विशेषतः मूत्राश्मरीचा पूर्वेतिहास असताना.

औषधविक्रेत्यांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, ६०,००० एककांची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. गैरसमजाने ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांस अपाय होतो. दुसरी, थायरॉक्सिन व कॅल्शियम यांच्या सेवनात चार तासांचे अंतर हवे. तिसरी, जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉईड वारंवार देऊ नये.

वैद्यबंधूंनी तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आपले औषध सुरू झाले म्हणून दीर्घकाळ चाललेले स्टेरॉईड एकाएकी बंद करू नये. अधिवृक्क ग्रंथी सुप्त झालेल्या असताना असे केल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. मूळ चिकित्सकाशी बोलून मात्रा क्रमाक्रमाने उतरवावी. अज्ञात ‘रामबाण’ चूर्णांत स्टेरॉईडची भेसळ आढळून आली आहे. म्हणून रुग्णाने पूर्वी काय घेतले, हे बारकाईने विचारावे. ज्याला आपण स्टेरॉईडमुक्त करू पाहतो, त्याची अस्थी तोवर शाबूत राखणे हेही चिकित्सेचेच अंग होय.